सात वाव पाणी

वसतिगृहाच्या न्हाणीघरात बादली काठोकाठ भरली, तारेच्या टोकाची काळी डबी तीत बुडवली आणि बटण दाबले. पडद्यावर दोन आडव्या रेघा उमटल्या. आकडा नाही, मासा नाही, काही नाही. दारात जमलेल्या मित्रमंडळींनी हशा पिकवला. "याला सोनार म्हणतात म्हणालास ना? मग बादलीत निदान एखादी अंगठी तरी दाखव!" असे एकाने सुचवले, आणि त्या दिवसापासून वर्गात माझे नाव 'सोनार' पडले.

ते यंत्र मी जुन्या बाजारात घेतले होते. मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी हा बाजार भरतो. सायकलींचे सुटे भाग, बिघडलेले पंखे, पितळी कुलुपे यांच्या ढिगात ते पडले होते. पडद्याच्या एका कोपऱ्याला तडा गेला होता. विकणाऱ्याला ते काय आहे याचा पत्ता नव्हता. "गाडीचं मीटर हाय, घेऊन टाका," असे तो म्हणाला. पण पाठीवरच्या चिकटपट्टीवर माशाचे चित्र होते आणि माशाचे चित्र पाहून भोयाचा मुलगा पुढे कसा जाईल? दीड हजारांवरून तो सातशेवर आला. खानावळीत वाढप्याचे काम करून साठवलेले ते पैसे मी चपलांसाठी ठेवले होते. चपला राहिल्या.

भूगोलाच्या सरांना यंत्र दाखवले तेव्हा ते मात्र हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी फळा पुसला आणि एक होडी काढली. होडीच्या तळाशी ती काळी डबी. तिच्यात एक विशिष्ट तुकडा असतो. त्याला विजेचा झटका दिला की तो थरथरतो आणि पाण्यात आवाज सोडतो. हा आवाज इतक्या वरच्या पट्टीतला असतो की माणसाच्या कानाला तो ऐकूच येत नाही. तळावर आपटून आवाज परत आला की तोच तुकडा पुन्हा थरथरतो आणि आता त्यातून वीज निघते. म्हणजे तेच तोंड आणि तोच कान! पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो. जायला नि यायला किती वेळ लागला ते मोजायचे, त्याची निमपट करायची, की खोली कळली. बारा मीटर पाणी असेल तर ही सारी ये-जा सेकंदाच्या साठाव्या भागात उरकते. बादलीत मात्र आवाज निघाला कधी आणि परतला कधी हे ओळखण्याइतकीही सवड यंत्राला मिळत नाही, म्हणून त्या दोन रेघा.

१९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हापासून पाण्यातल्या अडथळ्यांचा आवाजाने माग काढण्याच्या खटपटीला जोर आला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी फ्रान्सच्या पॉल लँजेव्हिन यांनी १९१७ च्या सुमारास गारगोटीच्या स्फटिकाचा असा तुकडा वापरून दाखवला. दुसरे युद्ध संपल्यावर जपानमध्ये नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली हेच तंत्र मासेमारांच्या होडीसाठी बाजारात आणले. "आणि आपल्या पुण्यालाही ते नवीन नाही," असे म्हणून सरांनी खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्थेची हकिगत सांगितली. १९१६ पासूनची ती संस्था. धरणात गाळ किती साठला हे मोजायचे तर होडीला असेच यंत्र लावून पाण्यावर ओळीओळीने फिरावे लागते. माझ्या सातशे रुपयांच्या वस्तूला एवढे मोठे गोत्र आहे हे ऐकून मला बरे वाटले.

हे यंत्र मी घेतले ते दादांसाठी. दादा म्हणजे माझे वडील. ते उजनीच्या पाण्यावर मासे धरतात. पुण्यात मुठेच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण ही मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि भीमा उजनीच्या धरणात येऊन थांबते. वसतिगृहाच्या मोरीतून मी जे पाणी सोडतो, ते चार दिवस आधी की उशिरा, आमच्याच दारात पोचते. दादांची जाळी कधीकधी काळपट होऊन वर येतात. त्या काळेपणात माझ्या आंघोळीचाही वाटा आहे, हे पुण्याला आल्यावर मला समजले.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा ११७ टीएमसी, आणि त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी 'मृत साठा'. कालव्यांना जे पाणी सहजी देता येत नाही, ते मृत. उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत 'उजनी उणे चाळीस टक्के' अशा बातम्या येतात. लोकांना वाटते, धरणात आता पाणीच नाही. असते. आम्ही त्यावरच जगतो.

आमचे जुने गाव त्या मृत साठ्यात आहे. गावाचे नाव लिहीत नाही. अशी गावे पुष्कळ आहेत आणि साऱ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने एकच आहे. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर उघडे पडते, तेव्हा पुण्या-मुंबईची माणसे गाड्या करून येतात आणि फोटो काढतात. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे पन्नासच्याही खाली गेला, तेव्हा आमच्या गावाचाही वरचा भाग दिसला. मारुतीच्या देवळाचा चौथरा, पाटलांच्या वाड्याची जोती, चावडीच्या पायऱ्या. माणसे आपापले घर शोधीत चिखलातून हिंडली. कुणी नारळ फोडला. आजी काठावर बसून होती. तिने चपलाही काढल्या नाहीत. भोईवाडा नदीला लागून, गावात सगळ्यांत खाली. एवढ्या दुष्काळातही तो वर आला नाही.

शेतकऱ्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन मिळाली. कुणाला बरी, कुणाला खडकाळ. आमच्याकडे जमीन नव्हती, नदी होती. नदीच्या बदल्यात नदी कोण देणार? म्हणून आजोबा धरणाच्या काठालाच राहिले. पाणी चढले तेव्हा दादा तीन वर्षांचे होते.

दिवाळीच्या सुटीत यंत्र घेऊन घरी गेलो. पाऊस चांगला झाला होता, धरण तुडुंब होते. चुलतभावाच्या मोटारसायकलची जुनी बॅटरी मिळवली, डबी एका बांबूला बांधली आणि बांबू होडीच्या कडेला पाण्यात उभा धरला. पडद्यावर ११.९ असा आकडा आला. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी धोंडा बांधलेली दोरी सोडली, ती ताणली आणि हात पसरून मोजत वर ओढली. "सात वाव. वर ईतभर." मी मनात हिशोब मांडला. दादा बुटके आहेत. त्यांची वाव साडेपाच फुटांची. सात वाव आणि एक वीत म्हणजे बाराला थोडे कमी. यंत्राचे आणि दादांचे बोटभरही वाकडे नव्हते! मला आनंद झाला. दादा म्हणाले, "मंग माजी दोरी काय वाईट हाय?"

पुढचे चार दिवस मी दादांबरोबर फिरलो. आधी पडद्यावर माशांची चित्रेच चित्रे दिसायची. मी ओरडायचो, "दादा, हितं टाका!" जाळे पडायचे आणि पहाटे त्यात चार चिलापी नि जलपर्णीचा गुंता यायचा. मग कळले की ही चित्रे यंत्र आपल्या मनाने काढते. पाण्यात बुडबुडा असो, कुजके लाकूड असो की गवताचा झुबका. ज्यावरून आवाज परत फिरला त्याला ते मासा ठरवून मोकळे होते. ती सोय बंद केल्यावर खरे काय ते दिसू लागले. खरा मासा कमानीसारखा उमटतो. तो होडीखाली शिरतो तेव्हा तिरका, म्हणून लांब असतो; बरोबर खाली आला की जवळ; पुढे गेला की पुन्हा लांब. त्या तीन अंतरांची मिळून कमान होते. आवाज परतवते ती मुख्यतः माशाच्या पोटातली हवेची पिशवी. मासा चिरताना निघणारा तो फुगा मी लहानपणी पायाखाली फोडत असे.

आणखी एक गोष्ट ध्यानात यायला मला दोन दिवस लागले. पडद्याच्या अगदी उजव्या कडेची उभी रेघ तेवढी आत्ताची. तिच्या डावीकडे जे दिसते ते सारे होऊन गेलेले. होडी थांबली तरी पडदा सरकत राहतो आणि तळाखाली उभा असलेला एकच मासा लांबच लांब रेघ होऊन बसतो. होडीच्या पुढे काय आहे, ते हे यंत्र मुळीच सांगत नाही. मी मात्र दादांना पुढचे सांगायला ते आणले होते. पाच दिवसांत मासळी किलोभरानेही वाढली नाही.

"मासा दिसतूया खरा," दादा म्हणाले. "पर त्यो जाळ्यात कवा यायचा, ते सांगतंय का तुजं मशीन?"

मला राग आला. सातशे रुपयांचा आला, वर्गातल्या हशाचा आला आणि दोरीने मोजणाऱ्या बापाचाही आला, हे आज कबूल करतो. बारीक आसाची जाळी टाकून बोटाएवढी पिले उपसणाऱ्यांचे रोज भरते, आणि दादा मोठ्या आसाचे जाळे सोडत नाहीत. त्यांचे कमी भरते म्हणून मी यंत्र आणले होते, आणि त्या यंत्रालाही ते दोरीपुढे किंमत देत नव्हते!

सहाव्या दिवशी दादांनी होडी 'दगडाच्या ठावा'कडे नेली. हा ठाव त्यांचा हुकमी. तिथे कटला हमखास लागतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की जाळे खाली दगडांना अडकते, म्हणून ते नाव. नदीतला खडक असेल असे आम्ही समजत होतो. मी यंत्राची मर्यादा तीस मीटरवर नेऊन ठेवली होती. इतका वेळ तळाची रेघ जाड आणि पसरट दिसत होती. गाळ आवाज गिळतो, त्याची ती खूण. ठावावर येताच रेघ बारीक आणि ठसठशीत झाली आणि तिच्या दुप्पट खोलीवर तशीच दुसरी रेघ उमटली. सरांनी हे सांगितले होते. तळ टणक असेल तर आवाज वर येतो, पाण्याच्या पृष्ठावर आपटून पुन्हा खाली जातो आणि पुन्हा परततो. दुसरी रेघ म्हणजे दगड. आम्ही पुढे गेलो, रेघ पुसली. मागे आलो, उमटली. असे आठ-दहा वेळा केले तेव्हा ध्यानात आले की हा दगड वेडावाकडा पसरलेला नाही. एका सरळ पट्ट्यात आहे. आणि पट्ट्याच्या पलीकडे तळ एकदम खाली जातो, बाराचे सतरा होतात.

रात्री जेवताना हे बोललो. चुलीपुढे आजी होती. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"पट्टा उगवत-मावळत हाय का दक्षिणोत्तर?"

मी दादांकडे पाहिले. "दक्षिणोत्तर," दादा म्हणाले.

"आन् त्याच्या पल्याड लगीच डव्हं?"

"व्हय."

"मंग त्यो खडक न्हाई," आजी म्हणाली. "त्यो घाट हाय. आपला."

आजी होडीत बसत नसे. २१ मे २०२४ ला वादळी वाऱ्यात कळाशी-कुगावच्या मध्ये प्रवासी होडी उलटून सहा माणसे गेली, तेव्हापासून तर ती दादांनाही वारा बघून हटकायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठावर आमच्या आधी येऊन उभी होती. लुगड्याचा पदर खोचलेला. होडीत चढताना तिने पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला.

"ह्या यंत्राला काय म्हनत्यात?"

"सोनार."

"मंग सोनं घावतं का?"

"नाही आजी. नुसती खोली कळते."

ठावावर पोचलो. दुसरी रेघ उमटली. आजीने पडद्यावर वाकून बघितले. तिला अक्षर येत नाही, आकडाही येत नाही. पण रेघ खाली-वर होते तसा तळ खाली-वर आहे, हे तिला एका दमात समजले. मला दोन दिवस लागले होते! दादा हळूहळू वल्हवत होते. रेघ सतरावर उतरली तशी ती म्हणाली, "ही भीमा." मी पाण्याकडे पाहिले. चारी बाजूंना एकसारखे सपाट पाणी, दूरवर रोहित पक्ष्यांची रांग. लहानपणापासून मी या साऱ्यालाच भीमा समजत आलो होतो. खाली तिचे पात्र अजून तसेच आहे, तिच्या काठासकट, हे माझ्या मनात कधी आले नव्हते.

आजी बोलत राहिली. घाटाला होड्या बांधायच्या. इथे वाम मिळायची, तिथे डोहात मरळ. आजोबा या पायरीवर जाळे विणायला बसायचे. "आता उलटं घे. घाटाच्या वरल्या अंगानं, उगवतीकडं. चाळीस पावलं." दादांनी होडी वळवली. चाळीस पावलांची किती वल्ही होतात ते त्यांनी आपल्याशी ठरवले आणि थांबले. "हितं दार," आजी म्हणाली.

मी डबी नीट धरली. यंत्राची कान देण्याची ताकद वाढवली; पडदाभर ठिपकेच ठिपके झाले. कमी केली, सगळे पुसले. पुन्हा मधोमध आणली. एक भिंत, एक उंचवटा, निदान उखळाचा दगड. मला काहीतरी दाखवायचे होते. रेघ जाड, पसरट आणि सपाट. दुसरी रेघ नाही. होडी चारी अंगांना फिरवली. सगळीकडे तेच. बारा मीटरवर या डबीला एकेक दगड वेगळा दिसत नाही, हे मला ठाऊक होते. तरी फिरवत राहिलो.

"काय दिसतंया?" आजीने विचारले.

खोटे सांगावे असे क्षणभर वाटले. एवढी म्हातारी एवढ्या वर्षांनी दारात आली होती. ती चित्रे काढणारी सोय पुन्हा चालू केली असती तर काहीतरी दिसलेही असते.

"गाळ आहे आजी. नुसता गाळ. घर नाही दिसत."

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मान हलवली.

"बराबर सांगतंय तुजं यंत्र. घर मातीचंच व्हतं. पाटलाचं दगडाचं, ते ऱ्हायलं. आपलं मातीत मिळालं."

तिच्या आवाजात रडे नव्हते. हिशोब जुळल्यावर माणूस बोलते तसे ती बोलली. गेल्या उन्हाळ्यात सारा गाव आपापली जोती शोधीत असताना ती काठावर का बसून राहिली, हे मला तेव्हा समजले. तिला ठाऊक होते, आपले पाणी उतरले तरी दिसण्यासारखे नाही. फक्त ती जागा अजून तिथेच आहे की नाही, एवढेच तिला हवे होते आणि ते विचारायला कुणी नव्हते.

तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कडेला एक कमान उमटली. मग दुसरी, मग तिसरी. मोठ्या, जाड कमानी. तळापासून वावभर वर. बहुधा कटला. दादांनी पडद्याकडे पाहिले, पायाशी पडलेल्या जाळ्याकडे पाहिले आणि ते वल्ही धरून नुसतेच बसले. वीस वर्षे आपण कशावर जाळे टाकत आलो, हे त्यांच्याही मनात घोळत असावे. टाकावे की टाकू नये, हे त्यांना कळेना. मलाही कळेना.

आजीनेच पदर डोक्यावर घेतला आणि ती म्हणाली, "बगत काय बसलास? टाक की जाळं. आपल्याच दारात टाकतूस."